दार उघडले, आता दृष्टी उघडावी : कला संचालकांस खुले पत्र

बार्शी, जि. सोलापूर

मा. कला संचालक, महाराष्ट्र राज्य, आणि राज्यातील कला महाविद्यालयांचे अधिष्ठाते व अध्यापक यांस,



बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी ज्याची सारी हयात शाळेतील मुलांच्या हाती पेन्सिल देण्यात आणि त्यांना एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांस बसविण्यात गेली, अशा एका निवृत्त चित्रकला शिक्षकाने आपणांस जाहीर पत्र लिहावे, हे कदाचित आपणांस अधिकाराबाहेरचे वाटेल. परंतु मला लिहावयाचे आहे ते कोणा एकाच्या प्रवेशाविषयी किंवा गुणपत्रिकेविषयी नव्हे. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त, बलुतेदार आणि शेतमजूर कुटुंबांतून निघून, गावातला पहिला किंवा घराण्यातला पहिला म्हणून आपल्या विद्यालयांच्या पायऱ्या चढणाऱ्या एका सबंध पिढीचा हा विषय आहे. आणि त्यासंबंधीच्या खासगी अर्ज-विनंत्या आजवर दप्तरातच राहिल्या असल्यामुळे तो लोकांसमक्ष मांडणे मला कर्तव्य वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. राखीव जागांच्या तरतुदीने या मुलांसाठी आपल्या संस्थांचे दार उघडले, ही गोष्ट लहान नाही आणि तिचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु त्या दारातून मूल आत आले तरी त्याचे जग बाहेरच राहिले. कारण चित्र चांगले कोणते, शिल्प श्रेष्ठ कोणते, बोलण्याजोगा विषय कोणता आणि गप्प बसण्याजोगा कोणता, हे ठरविणारी दृष्टी ज्यांची पूर्वी होती त्यांचीच आजही आहे. दार कायद्याने उघडते, दृष्टी मात्र शिक्षकांनीच उघडावी लागते, आणि म्हणून हे पत्र मंत्रालयास न लिहिता आपणांस लिहीत आहे.

या दृष्टीचा इतिहास आपणांस अवगत आहेच. तरी त्यातील काही गोष्टींचे स्मरण येथे आवश्यक आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ च्या मार्च महिन्यात मुंबईस जी कलाशाळा सुरू झाली, तिचे विद्यार्थी या देशाचे होते, पण तिचे प्रमुख, तिचे परीक्षक आणि उत्तम कशास म्हणावे याचा निवाडा करणारे विलायतेहून येत. ग्रीक आणि रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून येथील मुलांनी मानवी देहाचे प्रमाण शिकावे, असा त्या काळचा शिरस्ता होता. याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी तेथील अध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या, आणि त्यांवर आधारलेला भव्य ग्रंथ १८९६-९७ साली लंडनहून ग्रिफिथ्स यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. १८८८ साली पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडांवर जी पाने, फुले, पक्षी आणि प्राणी आजही दिसतात, त्यांच्या घडणीतही याच शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. त्या इमारतीचे वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे नाव शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्या हातांची नावे मात्र जाणत्या वाचकालाही सहसा सांगता येत नाहीत.

कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली या शाळेत दाखल झाले, विद्यार्थी म्हणून शिकले, अध्यापक म्हणून राहिले, आणि पुढे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या नावाने त्यांनी तेथील आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. एवढी दीर्घ सेवा, एवढा लौकिक आणि सरकारदरबारी एवढा मान असूनही संस्थेची सूत्रे त्यांच्या हाती आली ती १९३० च्या सुमारास, तीही निवृत्तीच्या तोंडावर आणि अल्पकाळासाठी. त्यानंतर १९३६ साली प्रमुखाच्या जागेवर पुन्हा विलायतेहून आलेले चार्ल्स जेरार्ड नेमले गेले. गुणवत्ता सिद्ध करूनही निवाड्याच्या खुर्चीपर्यंत पोचता न येणे म्हणजे काय, हे आपल्या कलाक्षेत्राने अशा रीतीने स्वतः अनुभवलेले आहे. ज्यांनी तो अनुभव घेतला त्यांच्या वारसांनी तोच अनुभव दुसऱ्यांस देऊ नये, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली आणि तिचे परिणाम आपण आजही भोगीत आहोत. १८९१ साली त्या शाळेला जोडून लॉर्ड रे यांच्या नावाच्या कारागिरीच्या कार्यशाळा निघाल्या. त्यांमागचा हेतू देशी धंद्यांस उत्तेजन देण्याचा होता, यात शंका नाही. परंतु चित्र काढणारा कलावंत एका इमारतीत आणि धातू, लाकूड, माती घडविणारा कारागीर दुसऱ्या इमारतीत, अशी जी विभागणी त्यातून रूढ झाली, ती आपल्याकडील जातींच्या उतरंडीवर नेमकी बसली. सुतार, लोहार, कुंभार, तांबट, वडार, कैकाडी यांच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्यांचे जे ज्ञान होते ते हुन्नर ठरले. आणि ज्यांच्या घरी घडविण्याची परंपरा नव्हती पण वाचण्या-लिहिण्याची होती, त्यांनी ते पुस्तकातून शिकून घेतले तेव्हा ती कला ठरली. साहेब परत गेला तेव्हा ही उतरंड त्याच्याबरोबर बोटीत चढली नाही. १९६५ साली राज्याचे स्वतंत्र कला संचालनालय झाले, मुंबईबरोबर नागपूर आणि आजचे छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कला महाविद्यालये चालू लागली, आणि अलीकडे मुंबईच्या त्याच सर ज. जी. संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळाला. पण शिक्षकांच्या खोलीत बसणारे, परीक्षणाच्या ज्युरीत प्रश्न विचारणारे आणि कलादालनांतून निवड करणारे बहुतांशी एकाच थरातून येत राहिले.

ही व्यथा केवळ आपल्या प्रांताची नाही. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरी १८७७ साली स्थापन झालेली ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन ही जगातील नामांकित कलासंस्थांपैकी एक. तिथल्या कृष्णवर्णीय आणि इतर गौरेतर विद्यार्थ्यांचे अनुभव सांगणारा ‘द रूम ऑफ सायलेन्स’ या नावाचा एक छोटा माहितीपट २०१६ साली लोकांपुढे आला. विद्यार्थ्यांनी केलेली कामे भिंतीवर लावून त्यांवर सर्वांनी खुली चर्चा करावयाची, ही त्या शिक्षणपद्धतीचा कणा मानलेली रीत. परंतु ज्या कामात वर्ण, वंश किंवा स्वतःच्या समाजाचा अनुभव असेल ते समोर आले की वर्ग गप्प होतो, आणि शिक्षक रेषा व रंगसंगतीविषयी दोन वाक्ये बोलून पुढच्या चित्राकडे वळतात, ही त्या मुलांची मुख्य तक्रार होती. त्यापूर्वी १९८२ साली इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन येथे तरुण कृष्णवर्णीय कलाविद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन राष्ट्रीय परिषद भरविली होती. १९८९ साली लंडनच्या हेवर्ड गॅलरीत रशीद अराईन यांनी ‘द अदर स्टोरी’ हे प्रदर्शन मांडले, तेव्हा आशिया, आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांतून आलेल्या ज्या कलावंतांना ब्रिटिश कलेच्या इतिहासाने बाहेर ठेवले होते त्यांत गोव्याच्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा हेही होते. हेच सूझा १९४५ साली, चले जाव चळवळीशी असलेल्या संबंधामुळे, मुंबईच्या कलाशाळेतून काढले गेले होते. गौरेतर म्हणून विलायतेत जो बाजूला पडतो त्याचे दुःख आपल्याला चटकन कळते. परंतु आपल्याच विद्यालयात, आपल्याच भाषेत बोलणारा, आपल्याच वर्णाचा मुलगा त्याच तऱ्हेने बाजूला पडतो तेव्हा ते दिसण्यास आपल्याला अजून वेळ लागतो.

हे कसे घडते ते एका प्रसंगावरून सांगतो. माझा एक विद्यार्थी, बार्शीच्या बाजार समितीत हमाली करणाऱ्या गृहस्थांचा मुलगा, एका मोठ्या शहरातील कला महाविद्यालयात रंगचित्रकला शिकत होता. शेवटच्या वर्षाच्या कामासाठी त्याने आडतीवरून फाटके, टाकून दिलेले बारदान गोळा केले. त्यावर आडत्यांचे मार्के होते, तुरीच्या डाळीची पिवळी भुकटी तागाच्या धाग्यांत बसलेली होती, हमालांच्या आकड्यांनी पडलेली भोके होती, आणि त्या भोकांवर बायकांनी दाभण-सुतळीने घातलेली ठिगळे होती. ते सारे उसवून, पुरुषभर उंचीचे एकच वस्त्र होईल असे त्याने जोडले, आणि जेथे जेथे ताग माणसाच्या पाठीला घासून गुळगुळीत व काळसर झाला होता ते तुकडे मध्यभागी अशा रीतीने आणले की, रंगाचा एक थेंबही न लावता, दुरून पाहणाऱ्याला वाकलेल्या पाठीचा आकार दिसावा. ते काम मी बार्शीत त्याच्या घराच्या ओसरीवर पाहिले होते, आणि माझ्या सबंध अध्यापनकाळात माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या हातून त्याहून श्रेष्ठ काही झालेले मला आठवत नाही.

ज्युरीच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो असा, की हे अल्बेर्तो बुर्री या इटालियन चित्रकाराच्या गोणपाटांवरून घेतले आहे काय. मुलाने ते नाव ऐकले नव्हते. मग त्याला कामामागची संकल्पना इंग्रजीत सांगण्यास फर्मावण्यात आले, तेव्हा तो म्हणाला, “सर, हे माझ्या वडलांच्या पाठीवरचं पोतं हाय.” यावर कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने एका अध्यापकांनी शिवणीच्या पोताविषयी एक वाक्य उच्चारले आणि सर्वजण पुढच्या मांडणीकडे गेले. मुलगा उत्तीर्ण झाला. परंतु काम का आवडले नाही, किंवा आवडले असल्यास त्यात काय आवडले, हे त्याला तोंडी वा लेखी कोणीही सांगितले नाही, आणि त्यानंतर त्याने ते बारदान घडी करून ठेवले ते आजतागायत उलगडलेले नाही.

परीक्षकांच्या मनात दुष्टावा होता असे मला म्हणावयाचे नाही. ते व्यासंगी होते, आणि बुर्री हे नाव त्यांना आठवले हीच त्यांच्या व्यासंगाची खूण होती. दुसऱ्या महायुद्धात इटालियन सैन्यात डॉक्टर असलेले बुर्री अमेरिकेच्या टेक्सास प्रांतातील युद्धकैद्यांच्या छावणीत असताना चित्रे काढू लागले आणि हाती आलेल्या गोणपाटाचाच त्यांनी कॅन्व्हास केला. पुढे त्यांच्या शिवलेल्या, ठिगळलेल्या पोत्यांत समीक्षकांनी युद्धाच्या जखमा आणि त्यांवरचे टाके पाहिले. ते पाहण्याचे कष्ट समीक्षकांनी घेतले, कारण त्या पोत्यामागच्या माणसाचा इतिहास जाणून घेण्याजोगा आहे, असे त्यांनी आधीच मानले होते. बार्शीच्या पोत्यामागच्या माणसालाही इतिहास आहे. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या अरुंद रुळांच्या बार्शी लाइट रेल्वेने ही पेठ कुर्डुवाडीच्या मोठ्या लोहमार्गाशी जोडली गेली, आणि पुढे रूळ लातुरापर्यंत पोचल्यावर बालाघाटाच्या पलीकडचे धान्य व गळित या बाजारात उतरू लागले, तेव्हापासून येथील हमालाच्या पाठीवरून जी संपत्ती गेली तिच्यावर गावाचे वाडे, गिरण्या आणि देणग्या उभ्या राहिल्या. हा इतिहास परीक्षकांस ठाऊक नसणे हा गुन्हा नव्हे. तो विचारून घ्यावासा न वाटणे, हा मात्र शिक्षणातला गंभीर दोष आहे.

याच्या उलट भासणारा, पण वस्तुतः याच अन्यायाचा दुसरा भाग असलेला प्रकार एका मुलीच्या वाट्यास आला. येडशीजवळच्या रामलिंगच्या घाटात आषाढ-श्रावणात ढग खाली उतरतात, झाडी काळपट हिरवी होते आणि मधूनच एखाद्या उतारावर ऊन पडते, त्या प्रकाशाचे तिला वेड होते. जलरंगात तो प्रकाश पकडण्यासाठी तिने कागदांमागून कागद खर्ची घातले होते. तिच्या अध्यापकांना तिची जात प्रवेशाच्या यादीवरून समजली होती. त्यांनी तिला प्रेमानेच सल्ला दिला, की निसर्गचित्रे पुष्कळजण काढतात, तू तुझ्या समाजाचे दुःख रंगव, हल्ली त्याला मागणी आहे. सल्ला देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, त्याचा अर्थ एवढाच झाला, की ढग, झाडे आणि ऊन यांच्यावर इतरांचा हक्क आहे, आणि तुझ्या नावावर फक्त जखम लिहून ठेवलेली आहे. एका विद्यार्थ्याचा अनुभव विद्यालय ऐकू इच्छीत नाही, आणि दुसरीला त्या अनुभवाखेरीज दुसरे काही बोलू देत नाही. दोन्ही ठिकाणी मुलाने काय पाहावे हे मुलाऐवजी दुसराच कोणी ठरवितो. ज्याला आपण कलास्वातंत्र्य म्हणतो ते या मुलांच्या बाबतीत सुरू होण्यापूर्वीच संपते, ते असे.

आता पैशाविषयी. तैलरंगाच्या नळ्या, कॅन्व्हास, प्लास्टर, मुद्राचित्रणासाठी लागणारा जस्ताचा पत्रा, चौकटी, आणि वर्षअखेरच्या प्रदर्शनाचा खर्च हे सारे ज्याच्या घरी महिन्याचे रेशन मोजून आणावे लागते त्याने कोठून आणावयाचे, याचा विचार शिष्यवृत्तीच्या नियमांत नीट झालेला नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१७ च्या शासन निर्णयाने भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली, ती उपकारक आहे. परंतु शैक्षणिक साहित्यासाठी त्या निर्णयात वैद्यकीय व अभियांत्रिकी शाखांस वर्षास ५,००० रुपये आणि ‘अन्य शाखां’स २,००० रुपये अशी विभागणी होती, आणि ज्या विद्येत प्रत्येक धडा साहित्य खर्च करूनच शिकावा लागतो ती कलाविद्या अशा हिशेबात ‘अन्य’ ठरते. शिवाय मंजूर झालेली शिष्यवृत्ती महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळाच्या फेऱ्यांतून हाती येईपर्यंत पुष्कळदा सत्र उलटून जाते. मग मुलगा मोठ्या आकाराचे काम टाळतो, रंग पातळ लावतो, दुसऱ्याने टाकलेल्या कॅन्व्हासच्या पाठीवर चित्र काढतो. आणि ज्युरीत त्याला सांगितले जाते की तुझ्या कामात धाडस नाही. हे धाडस गरिबीने अडविले आहे की प्रतिभेच्या अभावाने, हे तपासल्याशिवाय कोणीही असा शेरा मारू नये.

वसतिगृहाचे महत्त्व बार्शीकरास कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. १९२४ च्या मे महिन्यात मुंबई इलाख्यातील बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद याच बार्शीत भरली होती आणि तीत डॉ. भीमराव आंबेडकरांनी भाषण केले होते. त्यानंतर दोनच महिन्यांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, आणि त्या सभेने आरंभीच्या कामांतच, १९२५ साली, सोलापुरास विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले. पुढे १९३४ साली मामासाहेब जगदाळे यांनी बार्शीत श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळाचा पाया घातला, तेव्हा खेड्यातल्या मुलाला शाळेइतकीच राहण्या-जेवण्याची सोय लागते, हे ओळखूनच त्यांनी काम केले. या थोरांनी विद्येच्या दारापाशी भाकरीची आणि निवाऱ्याची व्यवस्था केली, कारण त्यांवाचून दार उघडे असूनही बंदच राहते. कलाशिक्षणाच्या बाबतीत ही जाण आपण अद्याप दाखविलेली नाही. सोलापूर जिल्ह्यात शासकीय कला महाविद्यालय नाही. येथील मुलाला शासकीय शिक्षण हवे तर जिल्हा सोडणे भाग आहे, आणि परक्या शहरात खोली मिळविताना आडनाव विचारले जाते, हे मी आपणांस नव्याने सांगावे असे नाही.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते प्रामाणिकपणे येतील हे मी जाणतो. पहिला असा, की कलेला जात नसते. हे ध्येय म्हणून मला शिरसावंद्य आहे. परंतु ते वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून सांगितले जाते तेव्हा ते नेहमी अशाच माणसाच्या तोंडून येते, ज्याला आपली जात कधी कोणी विचारलेली नाही. दुसरा आक्षेप असा, की मोजमाप सैल केले तर दर्जा खालावेल. मोजमाप सैल करा असे मी म्हणतच नाही. उलट ते अधिक कडक आणि अधिक ज्ञानपूर्ण व्हावे, असे माझे मागणे आहे. ज्या परीक्षकाला इटलीचे गोणपाट ओळखता येते आणि बार्शीचे येत नाही, त्याचे मोजमाप कडक नसून अपुरे आहे.

आणि दर्जाचेच म्हणाल तर पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन सिनेमाचे फलक रंगवीत पुढे आले. कृष्णाजी हौळाजी आरा घरकाम करून पोट भरीत असताना चित्रकार झाले, आणि सूझा व हुसेन यांच्याबरोबर १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह गटात त्यांनी स्थान मिळविले. नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यातले मडके आणि पाठीची केरसुणी भारतीय चित्रकलेत आणली, तेव्हा हा विषय चित्राचा नव्हे असे म्हणण्याची सोय उरली नाही. मुंबईचे अमोल पाटील यांची मांडणी २०२२ साली जर्मनीतील कासेलच्या डॉक्युमेंटा या जगप्रसिद्ध प्रदर्शनात झाली. बार्शीच्याच मातीत १९१६ साली जन्मलेले शाहीर अमर शेख यांनी, कोणत्याही विद्यापीठाच्या मुद्रेवाचून, आपल्या एकट्या आवाजाने महाराष्ट्र जागविला. हे सारे मोठे झाले ते संस्थांनी वाट करून दिली म्हणून नव्हे. एवढ्या प्रतिकूलतेतून जे निसटून वर आले ते आपल्याला दिसतात. जे घडी करून ठेवले गेले त्यांचा हिशेब कोणाच्याच दप्तरी नाही.

म्हणून माझ्या विनंत्या स्पष्टपणे मांडतो. पहिली, प्रत्येक ज्युरीत विद्यार्थ्याला मराठीत, आणि त्याची बोली असेल त्या मराठीत, आपले काम सांगण्याचा निःसंदिग्ध हक्क असावा, आणि त्यामुळे गुणांत काडीचाही फरक पडू नये. दुसरी, प्रत्येक विद्यार्थ्याच्या कामावर परीक्षकांनी सकारण लेखी अभिप्राय द्यावा व त्याखाली सही करावी. कारण मौनाचा पुरावा राहत नाही आणि अभिप्रायाचा राहतो. तिसरी, बाह्य परीक्षकांच्या यादीत दलित, आदिवासी व भटक्या-विमुक्त समाजांतून आलेल्या कलावंतांचा आणि कुंभार, विणकर, पाथरवट अशा जाणत्या कारागिरांचा समावेश व्हावा. चौथी, शिष्यवृत्तीची वाट न पाहता सत्रारंभीच प्रत्येक गरजू विद्यार्थ्यास साहित्य मिळेल असे भांडार महाविद्यालयात असावे, आणि साहित्याच्या रकमेसाठी कलाशाखेची गणना वैद्यकीय व अभियांत्रिकी शाखांच्या बरोबरीने करण्याची शिफारस आपण शासनास करावी. पाचवी, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमावलीने अपेक्षिलेले समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी हे केवळ फलकावर न राहता, विद्यार्थ्याला निर्भयपणे गाठता येतील असे असावेत. सहावी, कलेच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात महाराष्ट्रातील हातांचा इतिहास यावा : वडारांचे दगड, कैकाड्यांच्या टोपल्या, धनगरांची घोंगडी, सोलापूरच्या मागावरची चादर, आणि आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकांतून वाढलेली चित्र व शिल्पपरंपरा. आणि सातवी, सर्वांत महत्त्वाची : कोणत्या विद्यार्थ्याने काय रंगवावे हे त्याच्या दाखल्यावरून कोणीही ठरवू नये.

याच्या जोडीला शाळांकडेही पाहावे लागेल. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात उच्च प्राथमिक शाळांसाठी शंभरांहून अधिक पट असेल तेथे कलेचा अंशकालीन शिक्षक सांगितला आहे. ज्या शाळेला पूर्णवेळ चित्रकला शिक्षकच नाही तेथल्या मुलाला प्रवेशपरीक्षेच्या संकल्पचित्राची आणि स्मरणचित्राची तयारी कोणी करून द्यावयाची? ज्याला पैसे देता येतात तो शहरातल्या शिकवणीवर्गात जातो, आणि मग गुणवत्ता यादीत जे अंतर दिसते त्याला आपण जन्मजात अंतर मानतो. चित्रकला शिक्षकांची रिक्त पदे भरण्यासाठी संचालनालयाने शालेय शिक्षण विभागाकडे आग्रह धरावा, ही माझी एका शिक्षकाच्या नात्याने कळकळीची मागणी आहे.

बार्शीच्या आणि आसपासच्या पालकांसही एक शब्द सांगतो. चित्रे काढून पोट भरत नाही म्हणून मुलांचा हात आखडू नका. ते मूल जे पाहते ते दुसऱ्या कोणीच पाहिलेले नाही, आणि त्याने ते काढले नाही तर महाराष्ट्राच्या कलेत तेवढी जागा कायमची कोरी राहील.

संचालक महोदय, वरील मागण्यांपैकी काहींस पैसा लागेल, काहींस मंत्रालयाची मंजुरी लागेल, काहींस वर्षे लागतील, हे मी समजतो. परंतु लेखी अभिप्रायाच्या आणि मराठीत बोलण्याच्या हक्काच्या ज्या पहिल्या दोन विनंत्या आहेत, त्यांस यांपैकी काहीही लागत नाही. आपल्या अखत्यारीतील महाविद्यालयांस आपण, आणि उरलेल्या संस्थांत तेथील अधिष्ठात्यांनी, येत्या सत्राच्या पहिल्या ज्युरीपूर्वी तसा हुकूम काढावा, एवढी माझी विनंती आहे.

आपला नम्र,
बार्शी येथील एक निवृत्त चित्रकला शिक्षक